विहाराचं मशीन

आमच्या घरात सकाळ खळीच्या वासानं व्हायची. आई चुलीच्या एका तोंडावर चहा ठेवायची आणि दुसऱ्यावर मैद्याची खळ. गडबडीत कधी खळीचा पळा चहात जायचा, आणि माझे वडील, अण्णा, तो चहा तसाच पिऊन टाकायचे. तेरखेड्यात फटाके भरणारी माणसं वेगळी आणि फटाक्यांसाठी कागदाच्या रिकाम्या नळ्या वळणारी घरं वेगळी. आम्ही नळ्या वळणारे. जुन्या वह्या, उत्तरपत्रिका, रद्दी, जे मिळेल ते आईच्या मांडीवर यायचं आणि लोखंडी काडीभोवती गुंडाळलं जायचं. मी वाचायला शाळेत कमी आणि त्या नळ्यांवर जास्त शिकले. त्यामुळे मला कुठलीच गोष्ट पुरती माहीत नसायची. निम्मं उत्तर वर दिसायचं आणि निम्मं आत गुंडाळलेलं असायचं. दुपारी फटाके भरायच्या लांबच्या शेडांकडून बार तपासल्याचे आवाज यायचे. आई मान वर न करता म्हणायची, "ह्यो दमट हुता." तिचं कधी चुकलेलं मला आठवत नाही.

आमच्याकडं लेकरू चालायला लागलं की त्याला बाराची रीत शिकवतात. पेटवलं की हात मागं घ्यायचा आणि तोंड फिरवायचं. पेटवलेला बार उडाला नाही तर त्याच्याजवळ जायचं नाही, कितीही वेळ लागो, लांबच थांबायचं. ही रीत आमच्या अंगात इतकी मुरलेली की मिक्सर लावला तरी आई एक पाऊल मागं सरायची. हे एवढं सांगते आहे, कारण पुढं जे झालं ते दुसऱ्या कुठल्या गावात झालंच नसतं.

आमच्या वस्तीतला विहार लहानसा. वर पत्रे, आत बुद्धाची मूर्ती, दाराशी निळा झेंडा आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट. त्या कपाटात वस्तीचा लॅपटॉप असायचा. सगळ्यांनी वर्गणी काढून तो पुण्याच्या कुणाकडून तरी जुना घेतला होता. तो आधी गेम खेळणाऱ्या माणसाचा असावा, कारण पाट्यासारखा जड होता आणि त्यात चित्रांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. त्याला लॅपटॉप कुणी म्हणत नसे, 'मशीन' म्हणत. संध्याकाळी वस्तीतली लेकरं आपापलं बसकर घेऊन यायची आणि पुण्याच्या एक बाई त्या मशीनवरून त्यांना स्कॉलरशिपचं गणित शिकवायच्या. तास संपला की मशीन माझं. मी तेव्हा तालुक्याला, वाशीच्या कॉलेजात बारावीला होते. घरी फोन एकच, तोही अण्णांचा, आणि अण्णा शाळेत शिपाई असल्यामुळे तो दिवसभर त्यांच्या खिशात. म्हणजे जगात माझ्या हक्काचं असं काही असेल तर ते संध्याकाळचे दोन तास आणि त्या कपाटाची किल्ली.

किल्ली माझ्याकडं आली तीही सरळ मार्गानं नाही. आधी ती पोरांकडं असायची. पोरांनी लग्नातल्या गाण्यांचे पेन ड्राइव्ह लावून लावून मशीनमध्ये इतके व्हायरस घातले की बाईंचा चेहरा मध्येच गोठायचा आणि लेकरं तोंडात बोट घालून त्या गोठलेल्या बाईंकडं बघत बसायची. विहाराच्या समितीचे अध्यक्ष नाना. पोस्टातून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं तोलूनमापून. त्यांनी वैतागून किल्ली मला दिली. देताना म्हणाले, "पोरीच्या हातात पहिल्यांदाच द्यायलो. तुझ्यामागं बाकीच्या पोरी हायेत, ध्यानात ठेव." मला ते ओझं वाटलं नाही, मान वाटला. सतराव्या वर्षी दोन्ही सारखंच दिसतं.

कॉलेजातल्या एका सरांनी मला लिनक्स सांगितलं. फुकट असतं, व्हायरसचा त्रास नाही, जुन्या मशीनला हलकं. मी नानांना विचारलं. नाना म्हणाले, "कर. पण चीज सगळ्यांची हाय. नवीन काय टाकलं तर पहिल्यांदा चालू सगळ्यांदेखत व्हायला पायजे, मागून कुणी बोट दाखवायला नको."

पहिल्यांदा चालू करायची आमच्या विहारात रीत होती. बटण वस्तीतलं सगळ्यात वडील माणूस दाबणार, म्हणजे गयाबाई आत्या. नात्यानं त्या अण्णांच्या लांबच्या बहीण, पण साऱ्या वस्तीच्याच आत्या. त्यांनी बटण दाबलं की सगळ्यांनी हात जोडून, डोळे मिटून वंदना म्हणायची. जुनं मशीन सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की त्रिशरण, पंचशील सगळं होऊन शेवटचं साधु साधु साधु म्हणेपर्यंत ते जेमतेम जागं व्हायचं. वेळ फुकट जाऊ नये म्हणून कुणीतरी ही रीत पाडली असेल. आमच्याकडच्या कितीतरी रीती अशाच पडलेल्या आहेत.

मी दिवसभर बसून लिनक्स टाकलं. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाला चित्र कसं काढायचं ते सांगणारा प्रोग्राम, तोही टाकला. टाकताना त्यानं एक नवा पासवर्ड मागितला. कशाला ते कळलं नाही. बटण दाबणारा हात आत्यांचा, म्हणून मी त्यांचंच नाव घातलं, 'गयाबाईआत्या' असं सलग, इंग्रजी अक्षरांत. मग मशीन बंद करून ठेवलं आणि सगळ्यांना बोलावलं. आत्यांनी बटण दाबलं. आम्ही डोळे मिटले. वंदना झाली. डोळे उघडले तर पडदा काळा, आणि वरच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ लुकलुकते आहे.

सगळी माणसं एक एक पाऊल मागं सरकली. आई दारातून म्हणाली, "सुजे, जवळ जाऊ नगं. थांब जरा." आम्ही सगळे त्या मशीनकडं न उडालेल्या बाराकडं बघावं तसे बघत उभे राहिलो. रेघ लुकलुकतच राहिली. शेवटी लेकरांनी बसकरं गुंडाळली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून माझी धडपड सुरू झाली. अण्णांनी रजा नसताना रजा टाकली, का तर मला फोन मिळावा. विहाराच्या एकाच खिडकीत रेंज यायची, तिथं फोन ठेवून मी उभ्यानं वाचायची. जगभरातली माणसं माझ्याच काळ्या पडद्याबद्दल रडत होती, एवढाच काय तो दिलासा. कुणी सांगायचं हा शब्द टाक, कुणी सांगायचं ती ओळ खोड. एक शब्द टाकला की चित्र यायचं, पण फाटक्या लुगड्यासारखं, आणि नाव-पासवर्ड दिला की पुन्हा काळं. नुसत्या अक्षरांच्या पांढऱ्या-काळ्या पानापर्यंत मी जायची. तिथं मशीन म्हणायचं ड्रायव्हर आहे. मग चालत का नाही, तर म्हणायचं परवानगी नाही. कुणाची परवानगी? एका ठिकाणी लिहिलं होतं, पहिल्यांदा सुरू करताना एक निळं पान येईल, तिथं मान्यता द्या. मी मशीन बंद-चालू करून करून थकले. निळं पान काही आलं नाही. वाटलं, आपलं जुनं आहे, त्यात नसेल.

पुन्हा सगळं पुसून पहिल्यापासून टाकलं. पुन्हा माणसं बोलावली, आत्यांनी बटण दाबलं, वंदना झाली, पडदा काळा. या वेळी माणसं निम्मीच आली होती. नाना शर्टाची बाही सारखी करत म्हणाले, "हे बघ. येत्या रविवारी शेवटचं. सगळ्यांपुढं चालू झालं तर किल्ली तुझ्याकडं. न्हाय झालं तर मशीन धाराशिवला दुकानात जाईल अन् किल्ली माझ्याकडं येईल. अन् पुन्यांदा पोरीच्या हातात द्या म्हणून कुणी मला सांगायचं न्हाय." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं. मागं भिंतीला टेकून वस्तीतल्या दोन पोरी उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

मला जेवण जाईना. आईनं हुलग्याचं माडगं केलं, जे मी एरवी वाटीला बोट लावून चाटायची, ते तसंच निवून गेलं आणि वर साय धरली. संध्याकाळ झाली की लेकरं सवयीनं बसकरं घेऊन यायची, दारातून आत डोकवायची आणि परत जायची. एक बारकी पोर मात्र रोज विचारायची, "ताई, बाई मेल्या का?" मी तिच्यावर ओरडले. मग विहाराच्या मागं जाऊन हमसून हमसून रडले. मला खरंच वाटत होतं की आपलं सगळं संपलं. आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी? पण ज्याच्याकडं एकच खिडकी असते, त्याला तिची काच फुटली की घर पडल्यासारखंच वाटतं. मी आजही तेव्हाच्या त्या सतरा वर्षांच्या पोरीला हसत नाही.

शनिवारी दुपारी मी आत्यांच्या घरी गेले. सांगायला, की उद्या येऊ नका. त्यांच्या हातून तिसऱ्यांदा तसं व्हावं, हे मला नको होतं. आत्या ओट्यावर बसून खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. त्यांच्या डाव्या हाताची कातडी लहानपणापासून मी बघत आलेली, ताणलेली, चकचकीत. त्या हाताची बोटं पुरती उघडत नसत. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. भाकरीवर चटणी घातली, तेलाची धार सोडली आणि माझ्यापुढं सरकवली.

"खा आधी. त्वांड बघ कसं झालंय. मशीनला काय म्हणू नगं गं, मशीन वाईट न्हाय."

"वाईट न्हाय तर चालंना का झालंय, आत्या?"

"कोण जाणं. पर रीतीला चुकत न्हाय. म्या बटण दाबलं की पयलं निळं करतंय की. समदं निळं, आपल्या झेंड्यागत. जयभीम घालतंय, अन् मंग काळं पडतंय."

माझा घास हातातच राहिला. "काय करतंय?"

"निळं. दोनी वेळंला केलं. वर काय बाय पांढरं लिवलेलं व्हतं, मला काय वाचता येतंय? जरा थांबतंय, अन् जातंय."

"आत्या, मग तुम्ही बोलला का न्हाईत?"

"त्यात काय बोलायचं? विहाराचं मशीन हाय, निळं करंल न्हाय तर काय करंल?" त्या मलाच वेड्यात काढल्यासारख्या बघायला लागल्या. "अन् पेटलेल्या गोष्टीत हात घालावा व्हय?"

मी तिथंच, भाकरी मांडीवर घेऊन, सगळं जुळवलं. मशीनच्या लेखी तो ड्रायव्हर परका माणूस. नवा टाकला की पहिल्या सुरुवातीला, आणि त्या एकाच वेळी, मशीन दार उघडून विचारतं: ह्याला आत घेऊ का? घटकाभर वाट बघतं. कुणी हो म्हटलं नाही की दार लावून घेतं आणि पुन्हा टाकेपर्यंत परत विचारत नाही. आणि ते विचारायचं तेव्हा सबंध वस्ती हात जोडून, डोळे मिटून बसलेली. मीही. मागाहून मी एकटीनं कितीही वेळा चालू केलं तरी ते निळं पान येणारच नव्हतं.

मग मला दुसरं सुचलं. "पण आत्या, वंदनेत तुमचे डोळे उघडे कसे?"

आत्यांनी बत्ता खाली ठेवला. "आमचं मालक, तुझं मामा गेलं, त्या दिवशी शेडात म्या शेजारीच व्हते. बार बघायला काडी वडली अन् मला म्हनले, त्वांड फिरव. म्या फिरवलं. डोळं गच्च मिटलं." त्यांनी तो डावा हात उजव्यानं चोळला. "उघडलं तवा काय ऱ्हायलंच नव्हतं. तवापस्नं जे काय पेटतंय, चालू व्हतंय, त्याच्यापुढं म्या डोळं मिटत न्हाय. बुद्धाला ठावं हाय. तू खा."

मी खाल्लं. रडत खाल्लं आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

रविवारी सकाळी पुन्हा पहिल्यापासून सगळं टाकलं, पुन्हा आत्यांचं नाव घातलं आणि मशीन बंद करून ठेवलं. नानांना सांगावं का, याचा खूप विचार केला. आधी वंदना करू आणि मग बटण दाबू, एवढंच तर म्हणायचं होतं. पण दोनदा तोंडघशी पडलेल्या पोरीनं रीत बदला म्हणून सांगायचं, आणि त्यावर विहारात तासभर चर्चा व्हायची, आणि तरीही पडदा काळाच राहिला तर? मी गप्प बसले. या वेळी माणसं दाराबाहेरपर्यंत होती. पडायची गंमत बघायला माणसं नेहमीच जास्त येतात. नानांनी किल्ली आधीच मागून घेऊन खिशात ठेवली होती. मी आत्यांच्या शेजारी, मशीनच्या अगदी पुढ्यात बसले.

आत्यांनी बटण दाबलं. नानांनी सुरुवात केली, सगळ्यांचे डोळे मिटले. माझे हात जोडलेले होते, पण डोळे उघडे होते. पडदा काळा. काळाच. मला वाटलं, आत्यांना भास झाला असेल, म्हाताऱ्या झाल्यात. बुद्धं सरणं गच्छामि. आणि पडदा निळा झाला. अगदी झेंड्यागत निळा, आणि वर पांढरी अक्षरं, कुठलंही बटण दाबा. कोपऱ्यात आकडे भराभर उतरत होते. सतरा वर्षं अंगात मुरलेली रीत सांगत होती, हात मागं घे. आत्यांनी मला कोपरानं ढोसलं.

मी बोट ठेवलं. आकडे थांबले. यादी आली. भोवती सगळे धम्माला शरण जात होते आणि मी बाण दाबत खाली जात होते. आत घेऊ का? हो. नक्की? हो. पासवर्ड? मी आत्यांचं नाव एका एका अक्षरानं टाकलं. टाकताना अक्षरं दिसत नव्हती, आणि एक जरी चुकलं असतं तर संपलं होतं. मशीन बंद पडलं. पुन्हा सुरू झालं. पंचशील चालू होतं. पडदा काळा होता, रेघ लुकलुकत होती. साधु, साधु, साधु. माणसांनी डोळे उघडले, तेव्हा पडद्यावर रंग पसरत होते, साफ, एकही चिरा नसलेले, आणि मधोमध माझं नाव लिहिलेलं होतं.

लेकरांनी जो गलका केला तो मला अजून ऐकू येतो. ती बारकी पोर ओरडली, "बाई उठल्या!" पण नाना हसले नाहीत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"वंदना चालू असताना हिचं बोट मशीनवर व्हतं," ते म्हणाले. "म्या डोळ्यांनी बघितलं. मशीन चालू झालं, चांगलं झालं. पण विहारात असं चालायचं न्हाय."

इतकं करून किल्ली जाणार, हे मला दिसायला लागलं. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "नाना, तुमी कसं बघितलं ओ? मिटल्या डोळ्यांनी?"

मग मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू विहारभर पसरलं. अण्णासुद्धा हसले, जे मी वर्षात एखाद्या वेळी बघायची. नानांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. आत्या मात्र हसत नव्हत्या. "म्या तर दर वेळंला उघडंच ठिवते," त्या म्हणाल्या. "माझा बी मान काढून घ्या. बटण दुसऱ्या कुणाकडनं दाबून घ्या." नाना त्यांच्याकडं आणि त्यांच्या त्या हाताकडं बघत राहिले. तो हात असा का आहे, हे वस्तीत नानांइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी शेडाकडं धावत गेलेल्यांत ते होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली, आत्यांच्या हातात ठेवली आणि चपला घालून निघून गेले. आत्यांनी ती माझ्या मुठीत कोंबली.

आता माझे केस पिकायला लागले आहेत. पोट भरते ते अशाच अडलेल्या मशीनांवर, आणि कुठंही नवीन काही चालू होत असेल तर माझी नजर हलत नाही. बरोबरचे लोक याला शिस्त म्हणतात. मी त्यांना आत्यांबद्दल सांगत बसत नाही.

पण त्या रविवारचं एक राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तासाला आत्या आल्या, बटण दाबलं आणि पडद्याकडं बघत बसल्या. मशीन सरळ चालू झालं. आत्यांचं तोंड उतरलं. "सुजे, आज निळं न्हाय केलं गं." मी त्यांना समजावलं, की ते आता ओळख मागत नाही, ओळख पटली. त्यांनी मान हलवली, पण त्यांना काही पटलं नाही. मग मी मशीन माझ्याकडं वळवलं, पडद्यावरचं चित्र काढून टाकलं आणि सबंध पडदा निळा केला. नुसता निळा, झेंड्यागत. आणि पुन्हा त्यांच्यापुढं ठेवला.

आत्या बराच वेळ बघत होत्या. ते जात नव्हतं, काळं पडत नव्हतं. लेकरांनी तासाआधीची वंदना सुरू केली. आत्यांनी हात जोडले, डावी बोटं उघडली तेवढी उजव्यावर टेकवली आणि हळूच डोळे मिटले. वस्तीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला माहीत आहे, कारण माझे उघडे होते.